ओलीतलं मूळ : शिकागोजवळच्या एका अंगणातल्या बटरफ्लाय मिल्कवीडचं प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण शिकागोच्या पश्चिमेला डुपेज काउंटीत राहणाऱ्या एका मराठी कुटुंबाचं आहे. नावं आणि ओळखू येतील असे तपशील बदलले आहेत. घरात मेधा, तिचा नवरा आणि दोन शाळकरी मुलं. मेधाच्या सासूबाई दर उन्हाळ्यात मिरजेहून येतात आणि थंडी सुरू व्हायच्या आत परततात. मी त्यांना काकू म्हणते. या भागातल्या लोकांना अंगणात इथली मूळची फुलझाडं लावायला मी हौसेनं मदत करते, त्यातूनच या घराशी ओळख झाली.

इलिनॉयला ‘प्रेअरी स्टेट’ म्हणतात. गोरे वसाहतवाले येण्यापूर्वी इथे सुमारे 2 कोटी 20 लाख एकर प्रेअरी होती, म्हणजे गवत आणि रानफुलांची सलग माळरानं. 1837 साली याच राज्यातल्या ग्रँड डेटूर गावी जॉन डिअरनं पोलादी फाळाचा नांगर बनवला आणि पुढच्या काही दशकांत ती जमीन नांगराखाली गेली, आज तिथे मका-सोयाबीन आहे. मूळ स्वरूपात टिकलेली चांगली प्रेअरी आज राज्यात जेमतेम अडीच हजार एकर असेल, तीही रेल्वेमार्गांच्या कडेला, जुन्या दफनभूमींमध्ये, नांगर पोचला नाही अशा कोपऱ्यांत. याच काउंटीतल्या लायल गावच्या मॉर्टन आर्बोरेटम या वृक्षोद्यानात 1962 पासून पुन्हा उभी केलेली शूलेनबर्ग प्रेअरी आहे. मेधानं हे फूल पहिल्यांदा पाहिलं ते तिथेच, जुलैच्या उन्हात. गुडघ्याएवढं झुडूप आणि त्यावर झेंडूपेक्षा भडक केशरी फुलांचे गुच्छ.

हे बटरफ्लाय मिल्कवीड, शास्त्रीय नाव अ‍ॅस्क्लेपिअस ट्यूबरोसा. मराठी वाचकाला नातं सांगायचं तर ही आपल्या रुईची लांबची बहीण. फुलाची तीच पाच मुकुटांची घडण, तशीच टोकदार बोंडं, आणि बोंड उकललं की रेशमी तंतूंवर बसून उडणाऱ्या त्याच ‘म्हाताऱ्या’. फरक एवढा, की रुईचं पान तोडलं की चीक गळतो, आणि मिल्कवीडच्या बाकी जातींतही पांढरा चीक असतो, पण या एका जातीतला रस पाण्यासारखा असतो. आपल्याकडे रुईवर प्लेन टायगर फुलपाखराच्या अळ्या वाढतात, तशा इथे मिल्कवीडच्या जातींवर मोनार्कच्या. मोनार्कची अळी मिल्कवीडशिवाय दुसरं काही खात नाही. 1975 पासून मोनार्क हा इलिनॉयचा राज्य-कीटक आहे आणि 2017 पासून मिल्कवीड हे राज्याचं रानफूल.

सप्टेंबर 2021 मध्ये या कुटुंबानं घरासमोर बारा रोपं लावली. जागा निवडली ती छपराच्या पन्हळीचं पाणी जिथे उतरतं त्या सखल पट्ट्यात. कारण साधं होतं: तिथे लॉन नेहमी पिवळं पडायचं आणि रस्त्यावरून ती जागा छान दिसायची. काकूंनी मन लावून वाफा केला. पिशवीतलं शेणखत आणि कंपोस्ट घातलं, वर सालींच्या भुग्याचं चार इंच आच्छादन पसरलं. लॉनचे फवारे रोज पहाटे आपोआप सुरू व्हायचे, त्यांचं पाणीही वाफ्यावर पडायचं. गुलाबाचा वाफा असता तर यात बोट ठेवायला जागा नव्हती.

अडचण

पुढच्या वसंतात वाफा रिकामाच राहिला. शेजारच्या अंगणात कोनफ्लॉवरची पानं एप्रिलअखेर दिसू लागली, ट्यूलिप फुलून गेले, तरी इथे कोंब नाही. मेच्या दुसऱ्या आठवड्यात सगळ्यांनी मिळून ठरवलं, रोपं थंडीनं मेली. नऊ जागा खणून काढल्या आणि तिथे दुसरं काय लावावं हे विचारायला मेधानं मला बोलावलं.

उपटलेली मुळं गॅरेजच्या दारात वर्तमानपत्रावर पडली होती. मी एकेक हातात घेऊन पाहिलं. बहुतेकांची साल काळपट झाली होती आणि बोटानं दाबली की सुटून यायची. आत तपकिरी लगदा आणि आंबूस वास. हे कुजणं होतं, थंडीचा मार नव्हता. हे झाड दक्षिण कॅनडापर्यंत रानात वाढतं, शिकागोची थंडी त्याला नवी नाही. पण दोन मुळं वेगळी निघाली. टणक, आतून पांढरट, आणि माथ्यावर मातीच्या जेमतेम अर्धा इंच खाली गुलाबीसर हिरवा डोळा, तांदळाच्या दाण्याएवढा. ती जिवंत होती. खोरं मधोमध बसल्यानं सोटमूळ तुटलं होतं.

म्हणजे इथे दोन गोष्टी एकमेकींत मिसळल्या होत्या. बहुतेक रोपं ओलीनं कुजली होती, आणि उरलेली घाईनं मेली होती. बटरफ्लाय मिल्कवीड वसंतात सगळ्यांत शेवटी जागं होतं. शिकागोच्या हवेत मेअखेर, कधी जूनच्या पहिल्या आठवड्यात त्याचा कोंब वर येतो. न खणलेल्या तीन जागांवर 30 मेनंतर कोंब आले, तेव्हा मेधाला याची खात्री पटली.

जमिनीचं म्हणाल तर नव्वदच्या दशकात ही वसाहत उठली तेव्हा बिल्डरनं वरची काळी माती खरवडून नेली होती. उरली ती हिमनदीनं मागे टाकलेली पिवळी-करडी चिकणमाती आणि तिच्यावर लॉनचा पातळ थर. अशा मातीत खड्डा करून त्यात भुसभुशीत खत भरलं की चारही बाजूंचं पाणी त्या खड्ड्यात उतरतं आणि तिथेच साचून राहतं. बटरफ्लाय मिल्कवीडचं सोटमूळ खोल जातं. कोरड्या, रेताड, उन्हाच्या जागी पाणी शोधायला ते मूळ घडलेलं आहे. हिवाळ्यात ते ओल्या मातीत सुप्त पडून राहिलं की सडतं.

समोरचे पर्याय

त्या उन्हाळ्यात आम्ही घाईनं काही लावलं नाही. पाच वाटा समोर होत्या.

पहिली वाट म्हणजे तीच जागा सुधारणं. चिकणमातीत वाळू मिसळायचं मेधाच्या नवऱ्याच्या मनात होतं. थोडी वाळू मिसळून चिकणमातीचा निचरा सुधारत नाही, उलट ती घट्ट बसते. खरा फरक पडायला इतकी वाळू लागते की त्यापेक्षा उंचवटा रचलेला बरा. आणि पन्हळीचं पाणी तर येतच राहणार होतं.

दुसरी, चिकणमातीत तग धरणारा याच जातीचा निवडक वाण. काही रोपवाटिका तो विकतात आणि साध्या चिकणमातीत तो चांगला चालतो असा अनुभव आहे. पण चिकणमाती वेगळी आणि साचलेलं पाणी वेगळं.

तिसऱ्या पर्यायावर घरात सर्वांत जास्त चर्चा झाली. मोठ्या दुकानात मिल्कवीड म्हणून लाल-पिवळ्या फुलांची तयार रोपं मिळतात. काकूंनी ती पाहिल्या पाहिल्या ओळखली, “अगं, ही तर आपली हळदीकुंकू!” ओळख अगदी बरोबर होती. अ‍ॅस्क्लेपिअस कुरासाविका मूळची उष्ण अमेरिकेतली. भारतात ती बागेतून सुटून ओढ्याकाठी कधीच रुजली आहे. ती लावली तर त्याच उन्हाळ्यात फुलं आली असती आणि मोनार्कनंही तिच्यावर आनंदानं अंडी घातली असती. तरी मी नको म्हटलं. फ्लोरिडा-टेक्सासच्या किनाऱ्यावर ही झाडं हिवाळ्यात मरत नाहीत. काही मोनार्क हिवाळ्यासाठी मेक्सिकोला जायचे सोडून तिथेच मुक्काम करतात आणि त्याच त्याच पानांवर ओई नावाच्या, मोनार्कला आजारी पाडणाऱ्या परजीवीचे बीजाणू साठत जातात. शिकागोत पहिल्या कडक हिमासरशी हे झाड मरतं, त्यामुळे इथे तो धोका बराच कमी, हे मी त्यांना स्पष्ट सांगितलं. माझा आक्षेप दुसराच होता. दर वर्षी विकत आणून लावायचं झाड ही प्रेअरी नव्हे, आणि या घराला तर प्रेअरीचाच एक तुकडा हवा होता.

चौथी वाट सगळं सोडून पुन्हा लॉन लावण्याची. मेधाचा नवरा दमला होता आणि त्याचं म्हणणं अगदीच गैर नव्हतं.

पाचवी वाट आम्ही अखेर घेतली. सखल जागेला तिच्या स्वभावाचं झाड द्यायचं आणि बटरफ्लाय मिल्कवीडला त्याच्या स्वभावाची जागा शोधायची.

काय केलं

आधी पाण्याची परीक्षा. खणण्यापूर्वी 811 ला फोन करून गॅस-विजेच्या वाहिन्यांच्या खुणा करून घेतल्या. इलिनॉयमध्ये ते सक्तीचं आहे आणि मोफतही. मग तीन ठिकाणी फूटभर खोल खड्डे घेतले, एकदा भरून जिरू दिले आणि पुन्हा भरले. पन्हळीजवळच्या खड्ड्यात दुसऱ्या दिवशी सकाळीही पाणी उभं होतं. मागच्या अंगणातही तीच कथा, थोडी सौम्य. ड्राइव्हवेच्या दक्षिणेचा उतार मात्र वेगळा निघाला. ड्राइव्हवे करताना उरलेली खडी बिल्डरनं तिथे ढकलली होती आणि दिवसभर तिथे ऊन होतं. खड्डा तासाभरात रिकामा झाला. त्या उतारावर लॉन कधी नीट धरलं नव्हतं, म्हणून घरातल्या कुणाचंच त्या जागेकडे लक्ष गेलं नव्हतं.

वाफ्यात वाचलेली तीन झाडं हलवावीत का, हा पुढचा प्रश्न. मेधाला ती उतारावर न्यायची होती. या झाडाचं सोटमूळ न तुटता निघणं फार कठीण, म्हणून मी ती जिथे आहेत तिथेच ठेवायला सांगितली. फवाऱ्याचं त्या बाजूचं तोंड बंद केलं, आच्छादन काढून टाकलं. दोन झाडं पुढच्या हिवाळ्यात गेली. एक अजून आहे, वाफ्याच्या कडेला, जिथे जमीन किंचित उंच आहे.

उतारासाठी रोपं विकत न घेता बियांपासून सुरुवात करायचं ठरलं. यामागे दोन कारणं होती. फुलवून विकलेल्या मोठ्या कुंडीतल्या रोपाचं मूळ बऱ्याचदा गोल फिरलेलं असतं. शिवाय काही रोपवाटिका निओनिकोटिनॉइड कीटकनाशकं वापरतात; ती झाडाच्या अंगात भिनतात आणि पान खाणारी अळी मरते. विकत आणायचंच असेल तर हा प्रश्न तोंडावर विचारावा आणि उत्तर गोलमोल आलं तर रोप परत ठेवावं.

इथल्याच भागातलं बी मिळवलं. या बियांना उगवण्याआधी ओल्या थंडीचा काळ लागतो. मार्च 2023 मध्ये मेधानं बी ओलसर वाळूत मिसळून पिशवीत भरलं आणि फ्रिजमध्ये लोणच्याच्या बरणीमागे 30 दिवस ठेवलं. वाळू पिळली तर पाणी टपकू नये इतपतच ओल. मग खोल, अरुंद कुंड्यांत पाव इंचावर पेरणी. घराच्या उबेत आठ-दहा दिवसांनी कोंब दिसू लागले. मूळ कुंडीच्या तळाला टेकायच्या आत, म्हणजे पानांच्या तीन-चार जोड्या असतानाच, मेअखेरीस 24 रोपं उतारावर गेली. खत नाही, कंपोस्ट नाही, सालींचा भुगाही नाही. फक्त बारीक खडीचा पातळ थर, आणि मधे लिटल ब्लूस्टेम व साइडओट्स ग्रामा ही बुटकी गवतं. ही गवतं सोबतीला हवीत. मोकळ्या जागेत तण शिरतं, आणि हिवाळ्यात त्यांची मुळं माती धरून ठेवतात. उंच वाढणारं बिग ब्लूस्टेम मात्र अशा छोट्या जागी मिल्कवीडला दडपून टाकतं.

या उपनगरांत ससे अमाप. पहिल्या आठवड्यात चार रोपं शेंड्यापासून कुरतडली गेली. मग प्रत्येक रोपाभोवती जाळीचा नळा बसवला, दोन इंच मातीत गाडून. कुरतडलेल्यांपैकी दोन खालून पुन्हा फुटली.

आता राहिला पाण्याचा प्रश्न, आणि तो झाडांपेक्षा माणसांचा होता. काकूंचा दिवस झाडांना पाणी घालण्यापासून सुरू होतो. मिरजेच्या उन्हात आयुष्य काढलेल्या बाईला “झाडाला पाणी घालू नका” म्हणणं म्हणजे पाहुण्याला पाणी न विचारणं. मेधा आधी तोंडानं सांगत राहिली, नंतर फ्रिजवर चिठ्ठी लावली. दोन्ही वाया. शेवटी तिनं जे केलं ते या प्रकरणातलं मला सर्वांत शहाणपणाचं वाटतं: पन्हळीजवळची ओली जागा तिनं काकूंच्या हवाली केली. तिथे स्वॅम्प मिल्कवीड लावलं, त्याच कुळातलं, गुलाबी फुलांचं, कमरेच्या वर जाणारं. याला तंतुमुळं असतात आणि पाणी साचलेली चिकणमाती त्याला मानवते. काकूंनी रोज बादली ओतली तरी ते तक्रार करत नाही. “आई, हा वाफा तुमचा. उताराकडे मी बघते,” एवढ्यावर वाटणी झाली. उतारावरच्या रोपांना पहिल्या उन्हाळ्यात आठवडाभर पाऊस नसेल तरच पाणी मिळालं, दुसऱ्या वर्षापासून तेही बंद.

शेवटचं काम खुणांचं. प्रत्येक रोपाशेजारी पातळ दगड उभा रोवला आणि घरात नियम ठरला, 10 जूनच्या आत दगडाजवळ खुरपं न्यायचं नाही.

मधेच आलेलं पत्र

2024 च्या जुलैत वसाहतीच्या संघटनेचं पत्र आलं: समोरच्या भागात ‘तण’ वाढलं आहे, काढावं. उतारावरच्या झाडांना तेव्हा दुसरं वर्ष होतं, फुलं मोजकी आणि मधे गवतं. अनोळखी डोळ्याला तो पट्टा दुर्लक्षित वाटणं स्वाभाविक होतं.

मेधाचा नवरा वकिलाकडे जायला निघाला होता. त्याआधी एकदा बोलून पाहू, असं ठरलं. पट्ट्याला दगडांची रेखीव कड केली, भोवती दीड फूट लॉन नियमित कापायला घेतलं आणि प्रत्येक जातीचं नाव, उंची, फुलण्याचा काळ यांचा एक कागद संघटनेला दिला. माणसाचा हात फिरल्याची खूण दिसली की शेजाऱ्यांचा सूर बदलतो, हे मी बऱ्याच ठिकाणी पाहिलं आहे. 2024 मध्येच राज्यात कायदा झाला, की निगा राखलेली, तण-कचऱ्यापासून मुक्त आणि शेजारच्या हद्दीत न शिरणारी मूळ वनस्पतींची बाग गृहसंघटनेला सरसकट बंद करता येणार नाही. त्या कायद्याचा आधार घ्यायची वेळ आली नाही. पत्र मागे घेतलं गेलं.

काय निष्पन्न झालं

24 पैकी 19 रोपं पहिल्या हिवाळ्यातून वर आली. 2024 मध्ये पाच फुलली, 2025 च्या जूनअखेर सतरा. बियांपासून फुलापर्यंत दोन-तीन वर्षं हा या झाडाचा नेहमीचाच वेग आहे.

मुलांची थोडी निराशा झाली. मोनार्कच्या अळ्या उतारावर फारशा दिसल्या नाहीत, काकूंच्या वाफ्यात भरपूर दिसल्या. हे अपेक्षितच होतं, कारण मोनार्कची मादी अंडी घालताना स्वॅम्प आणि कॉमन मिल्कवीडला जास्त पसंती देते. केशरी फुलांवर गर्दी होती ती मधाला आलेल्यांची: भुंगे, छोट्या रानमाश्या, आणि उडती मोनार्कसुद्धा. दोन झाडं दोन वेगळी कामं करत होती.

ऑगस्टमध्ये स्वॅम्प मिल्कवीडच्या शेंड्यांवर पिवळाधमक मावा आला. काकूंनी तोही ओळखला. मिरजेत कण्हेरीवर आणि रुईवर हाच असतो. त्यांनी निंबोळी तेल फवारायचं ठरवलं होतं. पानांखाली मोनार्कची अंडी आणि दोन दिवसांच्या अळ्या होत्या, त्याही त्यात गेल्या असत्या. म्हणून आधी अंड्यांची पानं पाहून ठेवली आणि बाकी शेंड्यांवरचा मावा बोटांनी व पाण्याच्या धारेनं काढला. उरलेल्यावर ढालकिडे आले.

पुन्हा करायचं झालं तर

पाण्याची परीक्षा रोपं आणण्याआधी व्हायला हवी होती. एका दिवसाचं काम, खर्च शून्य, आणि बारा रोपांचे पैसे वाचले असते. मेमधली खणाखणीही टळली असती; एका मुळाच्या माथ्यावरची माती बोटानं बाजूला करून पाहिली असती तर डोळा दिसला असता.

शरद ऋतूतल्या लागवडीबद्दल माझं मत घट्ट आहे, जरी सगळे जाणकार ते मान्य करणार नाहीत. चिकणमातीच्या भागात सोटमुळाचं लहान रोप सप्टेंबरात लावू नये. मूळ धरायला वेळ मिळत नाही, आणि जमीन गोठते-वितळते तसतसं रोप मातीबाहेर उचललं जातं. बी पेरायचं असेल तर मात्र नोव्हेंबर उत्तम, थंडीचं काम निसर्गच करतो.

उतारावर आणखी दोन-तीन जातींची फुलं सुरुवातीपासून मिसळायला हवी होती. पर्पल कोनफ्लॉवर आणि नॉडिंग अनियन तिथे सहज आली असती. दुसऱ्या वर्षी पट्टा इतका उजाड दिसला नसता, आणि कदाचित ते पत्रही आलं नसतं.

प्रेअरी मुळात आगीवर जगते, पण दोन घरांच्या मधे आग लावता येत नाही. त्याऐवजी मार्चअखेर वाळलेले दांडे फूटभर ठेवून कापतात, कारण पोकळ दांड्यांत रानमाश्या घरटी करतात. मिल्कवीडच्या जुन्या दांड्यांचे तंतू मेमध्ये ओरिओल पक्षी सोलून नेतात, म्हणून स्वॅम्प मिल्कवीडचे काही दांडे तर पूर्णच ठेवले जातात.

गेल्या सप्टेंबरात परतताना काकूंना केशरी झाडाचं बी मिरजेला न्यायचं होतं. मेधानं नाही म्हटलं आणि मीही तिच्या बाजूनं उभी राहिले. परवानगीशिवाय बी नेणं कायद्यात बसत नाही, आणि हळदीकुंकू तिकडे कशी पसरली ते आपण पाहतोच आहोत. काकू थोड्या खट्टू झाल्या. मग त्यांनी फोनवरून घरी निरोप दिला, की कुंपणाकडेची रुई यंदा कुणी तोडू नका. इथल्या बोंडांमधलं बी आता दोन घरं पलीकडच्या शेजाऱ्याच्या फ्रिजमध्ये आहे. त्याच्या अंगणातल्या निचऱ्याचे खड्डे जमीन मोकळी झाली की घेणार आहोत.